काय नाय, खरचटलाय

बुरोंडीच्या शाळेत माझी बदली झाली आणि मी खोली बघायला ज्यांच्या घरी गेले, त्यांनी मला पडवीतच उभं राहून सगळं सांगून टाकलं. विहिरीला बारमाही पाणी आहे. पावसात कौलं गळत नाहीत. लाइट सहसा जात नाही आणि शेजारचा कुत्रा भुंकत नाही. मी खूश होऊन दुसऱ्याच दिवशी सामान आणलं. त्याच संध्याकाळी लाइट गेली आणि अंधारात कुत्रा भुंकायला लागला. एप्रिलात विहिरीचा तळ दिसला. जूनमध्ये माझ्या अंथरुणावर बरोबर मध्यभागी धार लागली. मी तणतणत मालकांकडे गेले, तर त्यांनी येऊन वर बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "काय नाय बाई, कौल जरासा खरचटलाय."

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझीच कीव आली. त्यांच्या बोलण्यावर खोली घेतलीत होय, म्हणाल्या. मला तरी विचारायचंत.

गावात त्यांना डाक्टर म्हणत, मी काका म्हणायचे. खरं तर ते डॉक्टर नव्हते. फौजेत नर्सिंग असिस्टंट होते, म्हणजे पलटणीबरोबर पुढच्या मोर्चापर्यंत जायचं, जखमी झालेल्याला तिथंच पट्टी बांधायची आणि स्ट्रेचरवरून खाली डॉक्टरपर्यंत आणायचं. मासेमारी करणाऱ्या घरातला हा मुलगा होडीवरून उतरून थेट भरतीला गेला, आणि समुद्रावरचा माणूस बर्फात काय करणार म्हणून गावानं पैजा लावल्या होत्या. पेन्शन घेऊन परत आल्यावर दवाखाना काही त्यांनी थाटला नाही. साधी डोकेदुखीची गोळी द्यायची झाली तरी आधी सरकारी दवाखान्यात दाखवून या म्हणायचे. पण घरोघर त्यांचं येणंजाणं होतं, कारण वाईट बातमी त्यांच्या तोंडातून निघत नसे, आणि अशा माणसाची गावाला फार गरज असते.

हे मी कौतुकानं म्हणते आहे, पण तेव्हा डोक्याला ताप होता. क्रिकेटची मॅच बघून आलेल्या काकांना स्कोअर विचारावा, तर आपण जिंकतोय. टीव्ही लावावा, तर सगळे बाद होऊन तंबूत. माझ्या वर्गातला पोरगा स्कॉलरशिपला बसला, तो निकालाच्या आधीच पास झाल्याचं त्यांनी त्याच्या आजीला सांगितलं आणि आजीनं साखर वाटली. निकाल लागल्यावर ती आजी माझ्याशी भांडायला आली, त्यांच्याशी नाही. मोहोर करपला तरी खरचटलाय, एस.टी.चा टायर फुटला तरी खरचटलाय. काकूंनी या सगळ्यावर आपल्यापुरता तोडगा काढला होता. त्या नवऱ्याला विचारायच्या, बंदरावर मासळी आली का. ते म्हणायचे, भरपूर. की काकू निमूटपणे वाल भिजत घालायच्या.

पंधरा ऑगस्टला मी त्यांना शाळेत झेंडावंदनाला बोलावलं. मुलांनी विचारलं, तुम्ही लढाईत किती शत्रू मारले? काका म्हणाले, एकपण नाय, माझ्या पिशवीत कापूसच फार होता. मुलांची तोंडं उतरली. ती उतरलेली तोंडं त्यांना बघवेनात. मग त्यांनी शत्रूच्या एका शिपायाला इतकं मोठं इंजेक्शन दिल्याची हकिकत सांगितली, की तो डोंगर उतरून पळाला तो अजून सापडलेला नाही. पुढं आठवडाभर पोरं इंजेक्शन-इंजेक्शन खेळत होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं आणि पाहुणे जरा बघून बोलवा म्हणाले.

पण गाडीतून कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की सगळ्यांना आधी डाक्टर हवा असायचा. एकदा बोटीवर जाळं ओढताना एका खलाशाचं बोट दोराबरोबर, दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये गेलं. काकांनी त्याचा हात आवळून बांधला, उंच धरायला लावला आणि तुटलेलं बोट पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत सुरमईच्या शेजारी ठेवलं. दापोलीपर्यंत तो विचारत होता, डाक्टर, बोट हाय ना? आणि पेटी मांडीवर घेऊन बसलेले काका दर वेळी सांगत होते, बोट जागेवर हाय, फक्त तू हात खाली घेऊ नको. खलाशी निर्धास्त झाला. वाटेत त्यानं आपल्या बहिणीच्या लग्नाचा मेनूसुद्धा सांगून टाकला. दवाखान्यात पट्टी सोडल्यावर त्याला खरं काय ते दिसलं. बोट काही जोडता आलं नाही. त्यानंतर तो काकांशी बोलेना, बंदरावर दिसले तर तोंड फिरवायचा. शिमग्याला मात्र टोपलीभर मासळी घेऊन दारात आला. म्हणाला, "मी लय इचार केला. बोट गेला तो गेला. पण सगळ्या रस्त्यात मला एकदापण भ्याव वाटला नाय."

काकांना हे कुणी शिकवलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या पलटणीचा डॉक्टर तरुण होता. मोर्चावर जायच्या आधी तो म्हणाला होता, की रक्त हातानं थांबवायचं आणि माणूस तोंडानं. डोंगरावरून स्ट्रेचर खाली आणायला तासन्‌तास लागायचे. दगड निसटायचे, वर गोळीबार चालू असायचा, पिशवीतलं औषध संपलेलं असायचं. अशा वेळी पोटाला लागलेला पोरगा विचारतो, मला काय झालंय? त्याला काय सांगणार? मग काका सांगायचे, काही नाही, खरचटलंय. हिंदीत सांगायचे, पंजाबीत सांगायचे, तमिळसुद्धा तेवढ्यापुरतं शिकले होते. ते ऐकून काही जण खालपर्यंत जगले. ज्यांना ते सांगूनही उपयोग झाला नाही, त्यांच्याबद्दल काका बोलत नसत.

गावाला यातलीच एक खूण सापडली होती. ज्याचं काही खरं नाही, अशा माणसापाशी बसले की काकांची थाप बंद व्हायची. ते नुसते हात धरून बसायचे. आमच्या शेजारची म्हातारी शेवटची आजारी पडली, तेव्हा काका तिच्या खाटेपाशी बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. तिच्या मुलानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, बाहेर जाऊन मुंबईच्या भावांना फोन केला, आणि भाऊ आईचं तोंड बघायला वेळेत पोचले. डाक्टर गप बसलाय, एवढं म्हटलं की बुरोंडीत बायका हातातलं काम टाकून उठायच्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते. काका वर्षातून एकदोनदा पेन्शनच्या कामाला रत्नागिरीला जायचे. माझंही एकदा जिल्हा परिषदेत काम निघालं, तर म्हणाले, चला एकत्रच जाऊ. मला वाटलं, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा, असे हायवेनं जाऊ. काकांनी मला दाभोळला नेलं. तिथून फेरीबोटीनं धोपाव्याला, मग गुहागर, मग तवसाळ, तिथं पुन्हा फेरीबोट, मग जयगड. बोटीची वाट बघण्यात अर्धा दिवस गेला, आणि मी पोचले तेव्हा साहेब जेवायला गेले होते ते त्या दिवशी परत आले नाहीत. मी चिडून विचारलं, हायवे काय मेला होता का? काका म्हणाले, खाऱ्या वाऱ्यानं कंबर मोकळी होते, डॉक्टरनीच सांगितलंय. येतानाही आम्ही कंबर मोकळी करत आलो.

दुसऱ्या दिवशी मी काकूंपाशी गाऱ्हाणं गायला बसले. त्या वाल सोलत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "संगमेश्वर लागतो ना वाटेत. म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावचा जवान काकांच्या पलटणीत होता. वरच्या डोंगरावर त्याला गोळी लागली. निरोप आला तसे काका निघाले, पण मधली उतरण तोफांच्या माऱ्यात होती आणि तिथं त्यांना दगडाआड पडून राहावं लागलं. ते पोचले तेव्हा तो गेला होता. काही बोलला असेल तर ते ऐकायला तिथं कुणी नव्हतं. पुढं सुटी मिळाल्यावर त्याची ट्रंक पोचवायला काका त्याच्या घरी गेले. अंगणात सगळा गाव जमला होता. त्याच्या बापानं विचारलं, शेवटी काय बोलला? सगळे काकांच्या तोंडाकडे बघत होते. दाराशी त्याची बायको बसली होती, विशीची असेल, पोटुशी. तिनं मान वर केली नव्हती. आणि काका बोलून गेले, "म्हणाला, बाळाला डाक्टर करा."

मी विचारलं, डॉक्टरच का?

"मीपण तेच इचारला ह्यांना," काकू म्हणाल्या. "तर बोलले, त्या दिवशी तिथं सगळ्यात जास्त काय हवा होता? डाक्टरच हवा होता. तोच तोंडात आला."

बाईला मुलगी झाली. सासरची माणसं तिला माहेरी धाडणार होती, ती गेली नाही. दुसरं लग्न केलं नाही. अंगणवाडीत नोकरी धरली आणि मुलीला शिकवत राहिली. पलटणीतल्या जुन्या दोस्तांकडून काकांना हे कळत गेलं. मुलगी दहावीला पहिली आली, हे कळलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. मेडिकलला नंबर लागला, हे त्यांच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं टाकली, आणि काकांनी फोन पिठाच्या डब्यात ठेवून दिला. काकूंच्या मते त्यांना एकच गोष्ट खात होती. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपण आपलं वाक्य घातलं आणि त्या वाक्यावर एका बाईचा अख्खा जन्म गेला. खरं सांगावं तर तिनं कशासाठी एवढं सोसलं? न सांगावं तर तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? संगमेश्वरच्या स्टँडवर ती अचानक समोर येईल, ही भीती होती. त्यापेक्षा दोन फेरीबोटी परवडल्या.

मला तोवर काकांचा रागच येत असे. त्या दिवसापासून तो येईनासा झाला. आपल्या थापांमुळे कुणाचं काय झालं हे आपण कुठे बघायला जातो? या माणसाची एक थाप वाढत वाढत मेडिकल कॉलेजात जाऊन बसली होती, आणि तो तिच्यावर लांबून लक्ष ठेवून होता.

मागच्या वर्षीची गोष्ट. माझी पुन्हा बदली होण्याच्या थोडं आधी काकांना एक फोन आला. मी तिथंच होते. पलीकडून कुणी मुलगी बोलत होती. काकांचा चेहरा पडला. ते म्हणाले, ते घरात नाहीत, मुंबईला गेलेत, कधी येतील सांगता येत नाही. तुम्ही कोण बोलताय असं तिनं विचारलं असावं, कारण मग ते म्हणाले, मी त्यांचा भाऊ. काकूंनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हणाल्या, "ये गो बाय, रविवारी ये. घरातच हायत ते."

संगमेश्वरची ती मुलगी डॉक्टर झाली होती. फौजेच्याच वैद्यकीय सेवेत तिची निवड झाली होती आणि पोस्टिंगला जाण्याआधी तिला काकांना भेटायचं होतं.

रविवारी सकाळी काकांनी बंदरावर जायचं काढलं. काकूंनी त्यांच्या चपला उचलून धान्याच्या कणगीमागे टाकल्या. मला त्यांनी नारळ खवायला बसवलं आणि स्वतः घावने घालायला घेतले. काका पडवीत झोपाळ्यावर बसले, उठले, परत बसले. मला म्हणाले, बाई, एस.टी. आज बंद हाय. आणि तेवढ्यात ती गाडी वळणावर दिसली.

मुलगी उंच होती, अंगानं बारीक, खांद्याला पिशवी. आल्या आल्या ती वाकली तर काकांनी पाय मागे घेतले. पाणी प्यायली, घावने खाल्ले, काकूंना सोलकढीचं विचारलं. बोलायला मोकळी होती, पण तिचे डोळे सारखे काकांकडे जात होते. काका तोंड उघडत नव्हते. काकूंनी माझ्याकडे बघितलं. गप बसलेला डाक्टर म्हणजे काय, हे आम्हा दोघींना माहीत होतं. फक्त इथं आजारी कोण ते कळत नव्हतं.

शेवटी तिनंच विचारलं. म्हणाली, "काका, बाबा शेवटी जे म्हणाले ते मी आजवर सगळ्यांकडून ऐकलंय. आजोबांकडून, शाळेतल्या सरांकडून. तुमच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

मला वाटलं, आता काका मारतील थाप. मारावी, असंही वाटलं. ते वाक्य एकदा पुन्हा म्हणायचं, मुलीनं डोळे पुसायचे, फोटो काढायचा आणि चारच्या गाडीनं तिनं जायचं, यात कुणाचं काय बिघडणार होतं? काकांनी झोपाळा पायानं थांबवला.

"तुझा बापूस काय बोलला नाय," ते म्हणाले. "मी पोचलो तेव्हा तो गेलेला होता. ता मी माझ्या मनाचा सांगितला. तुझ्या आवशीला बघितला आणि सांगितला. मला माफ कर नायतर करू नको. पण तू आता डाक्टर हायस, तुला खोटा सांगून पाठवायचा नाय."

बाहेर कुठेतरी कोंबडी ओरडत होती. मुलगी रडली नाही, चिडलीही नाही. तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"आईला माहीत आहे," ती म्हणाली.

काकांना कळलं नाही. आम्हालाही नाही.

"तुम्ही बोललात त्याच क्षणी तिला कळलं होतं. मी होणार हे बाबांना माहीतच नव्हतं. आईनं त्यांना कळवलं नव्हतं. सुटीवर आले की समोरासमोर सांगणार होती, त्यांचा चेहरा बघायचा होता तिला. मग ते बाळाचं कसं बोलतील?"

"मग ती बोलली कशी नाय?" काकांनी विचारलं.

मुलीनं सांगितलं ते असं. त्या दिवशी अंगणात आजोबांनी ते ऐकलं, गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आईला माहेरी पाठवायची भाषा बंद झाली. सातवीनंतर हिला घरी बसवायचं निघालं, तेव्हा आई आजोबांसमोर उभी राहिली आणि तुमच्या मुलाचा शब्द मोडणार का, एवढंच तिनं विचारलं. कुणाची टाप होती मोडायची? प्रत्येक वेळी तिनं तेच वाक्य पुढं केलं, आणि ते खोटं आहे हे त्या घरात फक्त तिलाच माहीत होतं. मुलीची निवड झाल्यावर तिनं खरं काय ते सांगितलं आणि म्हणाली, त्या माणसाला भेटून ये. त्याच्या मनावर ओझं असेल.

"आणखी एक सांगितलंय तिनं," मुलगी म्हणाली. "माझं कळायच्या आतच बाबा गेले, याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं होतं. कुणाला बोलूनही दाखवता येत नव्हतं. तुम्ही बाळाला डॉक्टर करा म्हणालात, आणि तेवढ्या वेळापुरतं तिला वाटलं, की त्यांना कळलंय. खोटं आहे हे माहीत असून वाटलं. त्यावर ती उठून उभी राहिली."

काकांनी जमिनीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला पोचायला उशीर झाला गो. उतरणीवर पडून राहिलो. उशीर झाला."

मुलगी उठली आणि झोपाळ्यावर त्यांच्या शेजारी बसली. तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबांपाशी उशिरा पोचलात, काका," ती म्हणाली. "आईपाशी वेळेवर पोचलात."

काकांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरला आणि ते रडायला लागले. काकू चुलीपाशी तव्यावर घावन टाकून आल्या होत्या, तो करपल्याचा वास घरभर सुटला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांना गप्प करायला गेल्या नाहीत.